नववा रकाना

फेब्रुवारीतला मंगळवार. तळमजल्यावरच्या खोलीत
हीटर खोकतोय. बाहेर सुपीरियर सरोवर
काठापासून गोठत गोठत
मधल्या काळ्या पट्टीपर्यंत पोचलंय.
टेबलावर कालच्या मटणाच्या करंज्या, गार.
अर्ज एकशे चार. रेसिडेन्सीच्या जागा सहा.
यादी मी टाइप करते, बावीस वर्षं.
मत मला नाही.

पहिले आठ रकाने सरळ आहेत : मार्क, शिफारशी, मुलाखत.
नवव्याचं नाव 'नातं'.
शंभर मैलांच्या आत जन्म, तर तीन गुण.
बायकोचं माहेर इथलं, तर दोन
(नवऱ्याचंही माहेर धरतो आम्ही).
लहानपणी सुट्टीत आजोळी आला असेल, तर एक.
स्की येतं म्हणाला, तर अर्धा.
हा अर्धा डॉक्टर क्विस्टच्या हट्टाचा.

कोल्टन हिएतालाला साडेतीन.
बाप काउंटीचा बर्फ काढतो, पहाटे तीनला निघतो.
का इथेच, विचारल्यावर पोरगा म्हणाला,
"घर आहे."
मग बराच वेळ काहीच बोलला नाही,
आणि ते सगळ्यांना आवडलं.

अराबा क्वान्साह. केप कोस्ट, घाना.
अराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली, तिनेच सांगितलं.
स्क्रीनवर तिच्या मागे कुठेतरी
भलत्या वेळी कोंबडा आरवत होता.
तिनेच आम्हाला विचारलं :
"वादळात हेलिकॉप्टर उतरत नाही,
त्या रात्री इथे जागं कोण असतं?"
नवव्या रकान्यात शून्य.

"राहील का ती?" क्विस्ट म्हणाले.
"तीन हिवाळे, की सूंबाल्या."
पिकतं तिथं विकत नाही म्हणतात.
आमच्याकडे विकतं ते इथलंच पिकलेलं,
आणि मग ट्रकात बसून निघून जातं.
माझा भाचा गेला तसा. पूर्ण तीन गुणांचा.
आता फिनिक्सला असतो,
नाताळला फोनवर विचारतो, बर्फ किती पडलं?

डॉक्टर आबेनोहा सकाळपासून गप्प होते.
करंजीची कड मोडून कागदावर ठेवत होते.
मग मला म्हणाले, "लेम्पी,
हा रकाना एकदा माझ्यासाठी भर बरं."

मी भरला.
जन्म : इलोइलो, फिलिपीन्स.
माहेर नाही. आजोळ नाही.
स्की : पहिल्याच वर्षी घोटा मोडला.
शून्य.
अठ्ठावीस वर्षांत या गावातली
निम्मी बाळंतपणं याच हातांनी केली.
त्यांतलं एक कोल्टनचं.

हीटर खोकला. क्विस्ट म्हणाले,
"तो काळ वेगळा होता."
कोणी उत्तर दिलं नाही.
अर्ध्या तासाने अराबा अकराव्यावरून पाचवी झाली,
कोल्टन चौथाच राहिला,
रकाना मात्र कोणी पुसला नाही.
पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.
आणि तिकडे त्या दोघांनीही
आम्हाला कुठल्या तरी नंबरावर बसवलं असेलच,
त्यांच्या यादीत 'बर्फ' नावाचा रकाना असेल,
उणे गुणांचा.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या आवारात
पिवळा दिवा फिरवत नांगर चालला होता.
माझ्या गाडीमागची रास हिएतालाने
न सांगता बाजूला केली,
काच खाली घेऊन हात वर केला.
मार्चपर्यंत मला ओठ शिवायचे आहेत.
मीही हात वर केला,
रोज करते तेवढाच.