उसवण

रात्री दोन चाळीसला नीलमनगरची लाईट गेली.
यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून बदलायची राहिलेली,
ती अकरा मिनिटं टिकली.
लाईट आली, पंखा फिरला,
नोड काही उठेना.

काळ्या पडद्यावर एवढंच म्हणाला:
डेटाबेस आधीच कुणीतरी उघडलाय.
कुणी?
घरात मी, आणि कॉटवर झोपलेले नान्ना.
शोधलं तर लॉक फाइल,
मेलेल्या प्रोसेसनं जाताना
आतून लावून घेतलेली कडी.
आधी दोनदा पाहिलं, आत खरंच कुणी नाही ना.
मग काढली.
न बघता कडी काढणारे मला ठाऊक आहेत,
सकाळी त्यांचेच फोन येतात.

मग फक्त वाचायचं. लिहायचं नाही.
कमांडच्या शेपटीला रीड-ओन्ली लावलं,
म्हणजे हात मागे बांधून दुकानात शिरल्यासारखं.
टेबलं सगळी जागेवर. हेडर आहेत,
व्यवहार आहेत, पावत्या आहेत.
खात्यांच्या टेबलात एका पानाचा चेकसम जुळेना.
एक किल्ली मागितली, हेक्समध्ये उत्तर आलं,
शेजारच्या नोडकडे तीच मागितली,
त्याचं उत्तर वेगळं.
सात हजार नोड एक बोलतात आणि माझा दुसरंच.
इथे मतभेद चालत नाहीत.

मग अर्ध्यानं तोडत गेले.
हा ब्लॉक बरोबर? बरोबर.
त्यापुढचा अर्धा? चूक.
त्याच्यातला अर्धा?

"एमायिंदी?"
नान्ना उठून बसले होते, चष्म्याशिवाय.
राजमल्लू मिस्त्री, एकतीस वर्षं
चादरीच्या जेकॉर्डची कार्डं पाडली त्यांनी:
पुठ्ठ्यावर भोकं, पुठ्ठ्याला पुठ्ठा ओवलेला,
मागावर चढलेली लांबच लांब माळ.
ब्लॉकचेन काय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.
सांगायची वेळच आली नाही,
त्यांनी विचारलं तेच बरोबर विचारलं:
"कुठं बिघडलं ते ऱ्हाऊ दे.
चांगलं कुठवर हाय?"

दोनशे बारा ब्लॉक मागं, म्हटलं.

"मग तिथवर उसव.
चुकलेला एक धागा ओढून काढता येत नसतो, बिड्डा.
त्याच्यावर जेवढं विणलं, तेवढं समदं जातं."

आणि मग, न विचारता, मोराची गोष्ट.
ब्याण्णव साली एका कार्डात एक भोक राहिलं,
चारशे चादरींवर मोर आंधळा झाला एका डोळ्यानं.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
माल गेला, पैसे आले.
त्यातली एक अजून आमच्या पायाशी असते थंडीत.
"तुझ्यात तसं चालत नसंल," म्हणाले.
मी म्हटलं, नाही चालत.
ते जरा वेळ गप्प बसले. कुणासाठी, कळलं नाही,
माझ्या नोडसाठी की त्या मोरासाठी.

आधी फोल्डरची अख्खी कॉपी, दुसऱ्या डिस्कवर.
पंचेचाळीस मिनिटं. चहा झाला.
मग ती कमांड, जिला अनवाइंड म्हणतात
आणि जिच्यासाठी साखरपेठेत
कॉम्प्युटर यायच्या आधीपासून शब्द होता.
आकडा तीनदा वाचला.
एंटरवर बोट ठेवून
देवाचं नाव घ्यायचं होतं, घेतलं नाही.
बॅकअपचा आकार पुन्हा बघितला.

दोनशे बारा. दोनशे दहा. एकशे सत्तर.
मागं मागं उलगडत गेलं,
कुणाचे तरी पाठवलेले पैसे
माझ्यापुरते न पाठवलेले होत गेले.
शून्य.
मग पुढं, एक ब्लॉक. शेजाऱ्याशी जुळला.
दोन.

साडेचारला मोरीतला नळ खरखरला.
पाचव्या दिवसाचं पाणी.
नान्ना म्हणाले, मी भरतो, तू बघ.
मी म्हटलं, ते आता आपोआप होतंय.
दोघं ड्रमपाशी उभे राहिलो,
पाइप कधी त्यांच्या हातात, कधी माझ्या,
आणि आतल्या खोलीत पडद्यावर
आकडा चढत होता,
मधूनच थांबत होता,
पुन्हा चढत होता.