जवारी

नागपूरहून खोका परत आला.
उघडला तर आतून पिवळं धुकं,
आणि शंभरातल्या एकोणीस पाकिटांना
एकाच जागी बारीक तोंड फुटलेलं,
डाव्या कडेपासून बोटभर आत,
जिथं मागची घडी येऊन मिळते
आणि दोन पदरांचे चार होतात.

आवटी साहेब म्हणाले, प्रेशर वाढवा.
वाढवलं.
चार पदरांवरचा कागद करपला,
आतली ॲल्युमिनियमची पापडी तडकली,
आणि शेजारच्या दोन पदरांवर हॉर्न
टेकल्या न टेकल्यासारखा.
आधीच भार होता तिथं आणखी भार,
नव्हता तिथं नाहीच.
हे मी लॉगबुकात लिहिलं नाही.
लॉगबुकात लिहिलं : साडेतीन बार, सील नापास.

कुपवाड एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
शेजारच्या फौंड्रीनं भट्टी लावली
की आमचा कॉम्प्रेसर धापा टाकतो,
गेजचा काटा मान टाकतो,
म्हणून आधी मला वाटलं, दोष फौंड्रीचाच.
दोष शेजाऱ्याचा निघाला की बरं असतं.

दस्तगीर मुजावर मिरजेहून आला, स्कूटरवर,
डिकीत कानस आणि कार्बन पेपर.
हॉर्न आणि ऐरणीच्या मध्ये
पांढरा कागद, वर कार्बन,
कंपन बंद ठेवून एकदाच दाबलं.
निळी रेघ उमटली :
उजवीकडे ठसठशीत, मग फिकी,
डावीकडे तर गावाबाहेरच्या पायवाटेसारखी
आहे म्हटलं तर आहे.

"आज्याच्या सतारीची जवारी बिघडली की असंच."
मी विचारलं, ज्वारी? कीड लागायची काय?
हसला. इतका हसला की कानस खाली ठेवली.
मग सांगितलं. त्याचं आजोळ सतारवाल्यांचं.
तार घोडीवर नुसती टेकून भागत नाही,
तिच्या अंगावर लोळली पाहिजे.
घासायचं, फुंकायचं, ऐकायचं.
केसभर जास्त घासलं की तार मुकी.
"तिथं पण शिंगच. सांबराचं.
हे तुमचं टायटॅनियमचं, एवढाच फरक."

पण इथं ऐकू काय येणार?
सेकंदाला वीस हजार कंपनं.
गेटवरच्या काळ्या कुत्रीला येतात,
मशीन लागली की ती उठून
रस्त्यापलीकडं जाऊन बसते.
दस्तगीरनं कानाचं काम बोटाला दिलं.
डोळे मिटून ऐरणीवरून बोट फिरवलं,
घडीच्या जागी कानसेचे चार हात,
नखाच्या जाडीएवढी खाच.
डावीकडे ऐरणीखाली सरकवली
आमच्याच फाटक्या पाकिटाची एक पट्टी.
मग प्रेशर कमी केलं.
कमी!
"जास्त नको, ताई. सारखं पायजे."

कार्बन दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चहा सांडला कागदावर.
पाचव्यांदा रेघ आली
टोकापासून टोकापर्यंत एकाच शाईची.
पाकीट बादलीत बुडवून दोन्ही हातांनी पिळलं.
एक बुडबुडा वर आला.
दोघं वाकून बघत राहिलो.
तो माझ्या बांगडीत अडकलेल्या हवेचा होता.

लॉगबुकात रकाने तीन : दाब, वेळ, शेरा.
दाब सारखा आहे का, याला रकाना नाही.
लिहिलं : अडीच बार. पॉइंट तीन सेकंद. पास.
आणि शेऱ्यात, त्याच्याच शब्दात :
जवारी लागली.

सकाळी नऊला डोळा लागतोय तोवर फोन,
पहिल्या पाळीची तेजश्री ऐनापुरे :
"ताई, हळदीच्या लाइनवर ज्वारी कुणी लावली?
गोदामात तर एक पोतं नाही."