तिऱ्हाईत

पार्सलाला सात आठवडे लागले, त्यातले तीन कस्टम्समध्ये.
खोक्यावर नाव: दक्षिणद्वाराचा पहारेकरी.
चेहरा खरा कुणाचा ते शेंबडं पोरही सांगेल,
पण ते नाव छापलं की मूळ कंपनीचे वकील जागे होतात,
म्हणून लाल एक छटा गडद, छातीवरची खूण कोरी,
आणि सगळा मामला उखाण्यासारखा, आडून आडून.
आम्ही जमवणारे ह्याला म्हणतो तिऱ्हाईत माल.

मी ग्रिम्सबीत गोठवलेल्या मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
सकाळी हात तीनदा धुतो, तरी हॅडॉकचा वास
नखांच्या कडेला राहतोच.
मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा कागद अंथरतो,
कॅमेरा लावतो
आणि फक्त हात दाखवतो.

वजन सहाशे दहा ग्रॅम. मांड्यांत ओतीव धातू.
गुडघ्यांचे खटके कडक, कट् कट् कट्,
चांगल्या कुलपासारखे, ऐकूनच बरं वाटतं.
डावं कंबरडं मात्र ढिलं.
एका पायावर उभा केला की पहारेकरी
सावकाश वाकत जातो, काहीतरी सांडलेलं शोधत असल्यासारखा.
उपाय: खुंटीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात, रात्रभर वाळू द्या.
शीनाची बाटली मी न विचारता घेतो.
तिला माहीत आहे.

ज्याने हे रेखाटलं त्याचं नाव कुठेच नाही.
शान्तौमधली एखादी खोली असेल, एखादा पंखा.
पण उजव्या तळपायाच्या आत, जिथं कुणी बघायला जात नाही,
त्याने एक मासा कोरलाय, तांदळाच्या दाण्याएवढा.
भिंग लावून मी तो दोनदा पाहिला.

माहितीपत्रक चिनीत, चित्रं टपाल तिकिटाएवढी.
सव्विसावी पायरी: एकच बाण, दोन दिशांना.
असल्याच एका पायरीवर गेल्या वर्षी मी खांदा मोडला होता, निळ्याचा.
प्लॅस्टिकवर आधी पांढरी रेघ उठते,
ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.
तेव्हापासून जोर लावत नाही.
अडलं की थांबतो, चहा टाकतो.

हेच कॅमेऱ्याला सांगत होतो, तेवढ्यात टोबिन आला,
शाळेच्या गणवेशात, एक मोजा उलटा.
मी ह्या घरात आलो तेव्हा तो सहाचा होता, आता नऊचा.
मला ग्लिन म्हणतो. माझं काही म्हणणं नाही.
शाळेच्या फॉर्मवर माझ्यासाठी रकाना आहे: इतर.

"अडकलंय?"
"पाठ वळत नाही."

त्याने माहितीपत्रकाकडे बघितलंसुद्धा नाही.
मानेमागचं एक झाकण अंगठ्याने उचललं,
जे कुठल्याच चित्रात नव्हतं,
आणि अख्खी पाठ वहीसारखी उघडली,
हात आत, चाकं बाहेर, शिडी वर,
टेबलावर आगीचा बंब.
फट शोधायला मी नख फिरवलं. सापडली नाही.

"वर्गातला कॅलम म्हणतो, हे खोटे असतात."
"खोटा नाही. दुसऱ्यांनी केलेला."
"मग खऱ्यांच्या रांगेत का ठेवतोस?"
"उंची जुळते."
त्याला पटलं असावं. किंवा बस आली असावी.
टोस्ट तोंडात धरून तो गेला.
तळपायातला मासा दाखवायचा राहिला.

चित्रणात तो तुकडा तसाच आहे, चाळीस सेकंदांचा.
कापायला हवा होता, बोलण्याचा धागा तुटतो.
चार हात दिसतात,
त्यातल्या एका मनगटावर बॉलपेनने काढलेलं घड्याळ,
दहा वाजून काहीतरी.

गुण: दहापैकी आठ. दोन कंबरेचे कापले.
नेलपॉलिश अजून वाळायचंय.