झाकण सैल

एकतीस वर्षं बांबोळीच्या लॅबमध्ये
मी जंतू मारायचं काम केलं.
एकशेएकवीस अंश, पंधरा मिनिटं,
झाकणाचे स्क्रू आवळायचे, काट्यावर नजर ठेवायची,
बशा बाहेर काढायच्या.
काचेवर काही नाही.
काही नसण्याचाच मला पगार मिळायचा.

मग गेल्या वर्षी छाती भरली.
दोन आठवडे गोळ्या, आणि त्यानंतर पोट असं,
की कुंभारजुव्याहून माशेलच्या बाजाराला निघताना
आधी वाटेतली शौचालयं मोजायची.
केंकरे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घर रिकामं झालंय तुमचं,
भाडेकरू आणा. घरचं आंबवलेलं खा, थोडं थोडं.
आणि हसल्या.
माझी नोकरी त्यांना ठाऊक होती.

चैत्रात शेजारच्या इनासिनला विचारलं.
तिने कोवळी तोरं एकेक दाबून पाहिली,
मार लागलेली बाजूला काढली.
मीठ किती?
"पाणी चाखून बघ. दर्यापेक्षा खारट."
कुठला दर्या, मिरामारचा की कोळव्याचा,
विचारायचं राहून गेलं.
बरणी मी सवयीनं उकळत्या पाण्यात घातली.
ती दारात हात पुसत उभी,
"बाब, तोरं घालतोस की ऑपरेशन करतोस?"

थर, मीठ, थर, मीठ.
वर बशी, बशीवर नदीकाठचा धोंडा.

सहाव्या दिवशी एक बुडबुडा.
चष्मा लावला. दुसरा.
म्हणजे होते तर आत कोणीतरी,
सालीवरचे, देठाजवळचे,
कदाचित इनासिनच्या करंगळीवरचेही.
यांचीच लॅटिन नावं मी लेबलांवर लिहायचो
सुवाच्य अक्षरात,
आणि मग यंत्रात लोटायचो.

पुढे पाण्यावर पांढरा पापुद्रा आला.
बरणी उचलून मी परसात निघालोच होतो.
इनासिनने चमच्याने तो साईसारखा काढला,
बोट बुडवून चाखलं,
"चांगलं आहे," म्हणाली, आणि चार तोरं घेऊन गेली.

आता सकाळी दहाच्या पेजेबरोबर अर्धं तोर.
अर्धंच, कारण मिठावरून केंकरेबाई रागावतात.
पोट पार बरं झालं असं म्हणणार नाही.
श्रेय तोरांचं, की नुसत्या दिवसांचं,
हे सांगायला दोन बरण्या आणि दुसरा मी लागेल.
पण परवा माशेलला भलत्याच वाटेने गेलो,
काही न मोजता,
आणि परत येताना बाकावर बसून
चण्याची पुडी संपवली.

रात्री दिवा मालवण्याआधी
नव्या बरणीपाशी थांबतो.
हात आपोआप आवळायला जातो.
मग उलटा फिरवतो,
अर्धा आटा.
फुस्स.