कॉट बेसिस

चार कॉट, एक खिडकी, दोनवरच फिरणारा पंखा.
नारायण पेठ, पत्र्या मारुतीच्या मागचा बोळ.
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात
ताप आधी इरफानला आला, मग सुमेधला, मग मला,
सगळ्यात शेवटी शिवहारला.
पाणी एकाच जारचं, टॉवेल एकाच दोरीवर.
कोण कुठल्या तालुक्याचा
हे विषाणूनं विचारलं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही तिघं अभ्यासिकेत परतलो,
नाकं लाल, खिशात क्रोसिनची अर्धी पट्टी.
शिवहार म्हणाला, व्हा पुढं, आलोच.
जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत.
तो सातवीवर बसला.
पूर्व निघाली रे, म्हणाला, आता मुख्यला
आणि वाक्य तिथंच तुटलं.
आम्हाला वाटलं विनोद आहे.
हसलो.

ससूनला बोटाला चिमटा लावला. ब्याऐंशी.
डॉक्टर आमच्याच वयाची, डोळ्यांखाली दोन रात्री.
सिगारेट?
थोडी, मी म्हणालो.
थोडी म्हणजे?
चहाबरोबर एक. रात्री पाठांतराला दोन.
मेसचे पैसे संपले की जेवणाच्या जागी.
निकालाच्या दिवशी मोजायच्या नसतात.
किती वर्षं?
पुण्यात आल्यापासून. सहा.
ती लिहीत गेली. रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.

सामान्य विज्ञान मला तोंडपाठ आहे.
श्वासनलिकेला आतून पक्ष्माभिका असतात,
नजरेला न दिसणारे केस,
धूळ, जंतू, कफ सगळं वर ढकलत राहतात,
शहर उठायच्या आत लक्ष्मी रोड झाडून काढणाऱ्या
बायकांसारखे, रोज, विनातक्रार.
धुरानं ते आधी सुन्न होतात,
मग झडतात.
यावर दोन गुणांचा प्रश्न येतो.
सराव चाचणीत मी दोन्ही गुण घेतले होते
आणि त्याच रात्री त्याला काडेपेटी शोधून दिली होती,
माझ्याच उशीखालची.

खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?
१) विषाणू चौघांचा एकच होता.
२) शिवहारच्या छातीत तो शिरला तेव्हा राखणीला कुणी नव्हतं.
३) न ओढणारेही दगावतात; शेजारच्या कॉटवरच्या काकू साधी मिसरीही लावत नव्हत्या.
४) थोडी.

त्याचे वडील निलंग्याहून रात्रीच्या एसटीनं आले.
वॉर्डाच्या दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा.
माझ्यासमोर कधी ओढली नाही त्यानं,
ते प्रत्येकाला सांगत होते, नर्सला, लिफ्टवाल्याला,
जणू फुप्फुसंही
वडीलधाऱ्यांचा मान राखतात.

नऊ दिवस मास्क, नऊ दिवस त्या नळीचा बुडबुड आवाज.
दहाव्या दिवशी त्याच्या हातात एक खेळणं दिलं,
तीन नळ्या, तीन निळे गोळे.
ओढ, म्हणाले. आत ओढ, सावकाश.
इतकी वर्षं ज्या कामात तो आमच्यात पहिला होता
तेच काम.
एक गोळा वर गेला.
दुसरा थरथरला, बोटभर उचलला, पडला.
तिसऱ्याकडं त्यानं पाहिलंच नाही.
मुख्य परीक्षा त्या रविवारी होती.

परवा टपरीवर त्याची उधारी द्यायला गेलो.
दोनशे चाळीस.
साहेब दिसले नाहीत बरेच दिवस, टपरीवाला म्हणाला.
आम्हा सगळ्यांनाच तो साहेब म्हणतो,
पोस्ट मिळायच्या आधी मिळालेली तेवढीच पोस्ट.
आजारी होते, मी म्हणालो.
आता बरे आहेत, असं पुढं म्हणणार होतो,
नुसतीच मान हलवली.
अडीचशे दिले. त्याच्याकडं सुटे नव्हते,
म्हणून चॉकलेट देतात तशी एक सिगारेट पुढं केली,
त्याच्याच ब्रँडची.
मी ओढत नाही. घेतली का, माहीत नाही.

शर्टाच्या खिशात आहे अजून.
जिना चढताना पायऱ्या मोजतो हल्ली,
सातवीवर थांबतो,
दम लागलेला नसतो तरी.