पासंग

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्रीचे साडेनऊ.
टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
दोन पितळी पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधे
मार्केट यार्डातून आणलेली पसाभर हळकुंडं.
ओल वाढली की पट्ट्यांत जास्त साठतं.
जे साठतं त्याचा आकडा करायचा,
एवढंच काम. तीन आठवडे झाले.

आकडा ठरत नाही.
पुढचे अंक खांबासारखे उभे,
शेवटचे दोन लग्नघरातल्या पोरांसारखे,
बस म्हटलं की उठतात.

दिलशाद शिकलगार डोळ्याचं भिंग न काढता म्हणते,
पार्ट सगळे बरोबर आहेत ताई, यादीशी ताडून बघितले.
बरोबरच आहेत.
जो त्रास देतोय तो यादीतच नाही.
त्याला कुणी विकत आणलं नाही, कुणी डाग दिला नाही.
तांब्याच्या दोन रेघा शेजारून गेल्या
की मधल्या रिकाम्या जागेत थोडं साठतंच.
पुस्तकात त्याला परजीवी म्हणतात,
आंब्यावरच्या बांडगुळाला म्हणावं तसं.
मला हा शब्द पटत नाही.
तो काही खायला आलेला नाही.
तो नुसता शेजार आहे.

चिपच्या पोटात वजनं असतात:
शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक,
प्रत्येक आधीच्याच्या निम्मं.
मोठं टाकून बघायचं, जड झालं तर काढायचं,
मग निम्मं, मग त्याच्या निम्मं.
डोळ्याचं पातं लवायच्या आत सोळा वेळा पारडं हलतं.
पण पारड्याच्या बुडालाच हळद चिकटली असेल
तर शेवटच्या गुंजेला काय किंमत?

म्हणून रेघ आखूड केली. तिच्याखालचं तांबं खरवडलं.
स्पिरिटने फ्लक्सचा चिकटा पुसला, दोनदा.
दोन्ही अंगांनी एक राखणदार तार फिरवली,
तिच्याइतक्याच दाबावर ठेवली,
कारण बरोबरीच्या शेजाऱ्यांत उसनवारी होत नाही.
आकडा बसला.
दिलशादने चहा ओतला.
आकडा उठला.

मागे सिदगोंडामामा उभे होते,
रात्रपाळीचे वॉचमन; त्याआधी तीस वर्षं पेठेत तोलार.
"मामा, जरा मागं सरा." अंक खाली.
"आता पुढं या." अंक वर.
मामा खूश: "म्हंजे मी बी तोलला जातोय व्हय?"
मग गंभीर होऊन,
"काट्याजवळ कुणी उभं राहायचं न्हाई,
ह्यो नेम आमच्यातबी हुता."

गोडेतेलाचा डबा कापून वर पत्र्याचं झाकण केलं,
अर्थिंगला जोडलं.
मामा पुढे आले, मागे गेले. अंक ढिम्म.
मग हळकुंडं काढून रिकाम्या पट्ट्या मोजल्या.
शून्य यायला हवं होतं. सदतीस आलं.
पंखा लावून सदतीस, बंद करून सदतीस,
अकराला, बाराला, सदतीस.

जे हलत नाही ते वजा करता येतं.
मेमरीत लिहिलं: सदतीस काढून टाक.

"काय केलंस?" मामांनी विचारलं.
"पासंग बांधला."
हा शब्द त्यांना उलगडून सांगावा लागला नाही.
"आमी हलक्या पारड्याला लोखंडी कडं अडकवायचो.
माल इकणारा आधी ते कडं बगायचा,
मग पोत्याचं तोंड सोडायचा.
तुजा कुटं हाय?"
मी तांदळाएवढी काळी चिप दाखवली.
ते वाकले. चष्मा कपाळावर सारला.
"दिसत न्हाई की गं."

पावणेएकला प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली:
पासंग ३७.
पण पडद्याला ओळी दोनच,
वरची ओलीची,
आणि खालून सरकत जातं कंपनीचं नाव,
पायगोंडा मगदूम आणि सन्स.
दिलशाद म्हणाली, साहेब सोमवारी येणारेत.
मामा फाटक लावायला गेले.
नाव मी पुसून ठेवलंय.
काय सांगायचं, ते ठरलेलं नाही.