आठवी पायरी

सूरच्या नगरपालिकेचं संकेतस्थळ
आधी मी डोळ्यांनी तपासलं.
ठीक होतं सगळं.
निळा मथळा, डावीकडे सरकणारी जहाजं,
राखाडीवर राखाडी अक्षरं, फार सभ्य.

मग घनिया आली,
तीन महिन्यांच्या कंत्राटावर,
काठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली
आणि माझा पडदाच बंद केला.
आता ऐक, म्हणाली.

बटण, संगणक बोलला.
बटण.
बटण.
चित्र, शून्य चार चार सात.
बटण.

तिच्या भावाला दुकानाचा परवाना
नवा करून घ्यायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो.
ती तारखेच्या चौकटीत अडकली,
टॅब दाबला की रविवार,
टॅब दाबला की पुन्हा रविवार,
आणि त्यातून सुटली तेव्हा यंत्र म्हणालं,
आपण माणूस असल्याचं सिद्ध करा,
होड्या असलेले सगळे चौकोन निवडा.

ती हसली.
तिचे आजोबा होड्या बांधायचे,
सागाची फळी कुठे ओली आहे
हे ती लहानपणी वासावरून सांगायची.
होडी कळते रे मला, म्हणाली,
चौकोन कळत नाही.

आम्ही बोलायचो अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत,
उरलेलं कळफलकावर.
ऑगस्टभर मी बटणांना नावं ठेवली.
नावं ठेवणं हा आमच्या गुहागरात
ओट्यावरचा फुकट उद्योग,
इथे मी त्याचा पगार घेतला.
अर्ज पाठवा. मागे जा. पाण्याचं बिल.
राखाडी काळं केलं.
रविवारातून बाहेर पडायला वाट केली.
होड्यांचे चौकोन काढायला
सात सह्या लागल्या.

उरलं ते चित्र, शून्य चार चार सात.
पालिकेची नवी इमारत, दुपारची, माणसांशिवाय.
दिसत नाही त्याच्यासाठी
मागे एक वाक्य लिहायचं असतं,
दिसणाऱ्याला ते कधी दिसत नाही.
नबहानसाहेब म्हणाले, लिहा,
भव्य प्रवेशद्वार.
मी लिहिलं.
घनियाने ऐकलं, पुन्हा ऐकलं,
आणि विचारलं,
भव्य म्हणजे किती पायऱ्या?

फोटोत झाडाच्या कुंडीने अर्ध्या झाकल्या होत्या.
जेवणाच्या सुट्टीत गेलो, डोक्यावर फाईल धरून.
पहारेकरी डंबर सावली बदलत बसला होता.
चाकाची खुर्ची आली तर?
आम्ही दोघं उचलतो, म्हणाला,
तिसरा असला तर बरं.
उतार?
आहे की, नकाशात आहे.

परत येऊन मी भव्य खोडलं.
नवी इमारत. दाराशी सात पायऱ्या.
कठडा फक्त उजवीकडे. उतार नाही.
साहेबांनी पान पाहिलं, वरून खाली,
खालून वर,
छान झालंय म्हणाले, जहाजं छान सरकतात.
त्या वाक्यावरून त्यांची नजर गेली
काचेवरून पाणी जावं तशी.
मी काही बोललो नाही.
खोटं नव्हतं ते,
पण मान वर करून बसलो होतो असंही नाही.

संकेतस्थळ सुरू झालं, केक कापला,
घनियाचं कंत्राट संपलं.

नोव्हेंबरात तिचा फोन.
मागे वारा, कुणीतरी गाडीचं दार लावलं.
परवाना मिळाला का, मी विचारलं.
तो घरबसल्या मिळाला, म्हणाली,
आज आले ते तुझी चूक धरायला.
सात नाहीत.
आठ आहेत.
सगळ्यात खालची वाळूत बुडालीय,
काठी टेकवली तेव्हा लागली.

त्या रात्री लॉगिन करून
मी एक शब्द बदलला.